गळती

नांदगावात माणसाची ऐपत गच्चीवर दिसते. खाली घराला दहा वर्षांत रंग लागलेला नसेना का, वर हजार-हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या उभ्या असल्या की सोयरीक बघायला आलेला पाहुणा चहा दुसऱ्यांदा घेतो. त्या टाक्या मी विकतो. टाक्या, मोटारी, पाइप, पितळी कॉक, टेफ्लॉन टेप आणि ब्लीचिंग पावडर. आमच्या तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही त्याच्या मनात आलं तर. गिरणा धरण आमच्याच तालुक्यात, १९६९ साली पुरं झालेलं, पण त्याचं बरंचसं पाणी आमच्याकडे पाठ करून खाली जळगावच्या शेतांकडे निघून जातं. आमच्या वाट्याला नळ. आणि नळाला पाणी कितव्या दिवशी, हा गल्लीतल्या बायकांचा असा काही अभ्यासाचा विषय की त्यात एखादीनं पीएचडी मागितली तर मी सही करीन.

अशा गावात टाक्या विकणारा माणूस उपाशी मरत नाही, आणि गप्पही बसत नाही. पाण्याबद्दल काही निघालं की लोक माझ्याकडे बघतात. मीही मग बोलतो. पाण्याचा दाब टाकी किती मोठी यावर नसतो, पाणी किती उंच उभं आहे यावर असतो, हे वाक्य मी लग्नात, दहाव्याला आणि एकदा शनिमहाराजांच्या दर्शनाच्या रांगेत, नस्तनपूरला, ऐकवलेलं आहे. मला पोहता येत नाही, ही गोष्ट वेगळी.

थोरली मुलगी रत्नागिरीला दिली. कशी दिली, तो निराळा लेख होईल. लग्न नांदगावला, मे महिन्यात. लग्नाच्या आदल्या दिवशी व्याही न्हाणीघरात शिरले आणि कोकणी माणसानं करावी तशी अंघोळ त्यांनी केली. म्हणजे आधी बादलीभर पाणी ओतून न्हाणीघर धुतलं, मग स्वतःला धुतलं, मग परत न्हाणीघर. वरची टाकी कोरडी पडली. पोरीचा बाप म्हणून मला तोंड उघडता येईना. मी मागच्या दारानं टँकर मागवला आणि मांडवात सांगितलं की मोटार जळाली. ज्याचं मोटारीचं दुकान त्याचीच मोटार जळाली म्हणून लोक अजून हसतात. खरी गोष्ट मुलीनं सासरी गेल्यावर सांगून टाकली असणार, कारण त्यानंतर व्याह्यांचा दर फोन एकाच वाक्यानं संपायला लागला. ‘या एकदा कोकणात पावणे, पाणी दाखवतो.’

शेवटी जानेवारीत गेलो. मी, बायको आणि आई. मनमाडहून मंगला एक्स्प्रेस धरली. दिल्लीकडून येऊन केरळात जाणारी ही गाडी वाटेत आमच्यासारख्यांना उचलून थेट रत्नागिरीत सोडते. बरोबर बिछाने, लाडू, शेव आणि पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे कॅन. आई ऐंशीच्या घरातली, माळकरी, तिला परक्या गावचं पाणी बाधतं. कॅन मी स्वतः भरले, झाकणाला टेफ्लॉन टेप मारली. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. गाडी आत शिरली आणि आईनं हरिपाठ सुरू केला. बोगदा संपेना. समोरच्या बाकावरचा एक मल्याळी गृहस्थही मग हात जोडून बसला. उजेड आला तेव्हा आईनं मला विचारलं, ‘आपण सगळे आहोत ना रे?’

स्टेशनवर व्याही उभे होते. त्यांनी आईला वाकून नमस्कार केला, मग माझ्या हातातल्या कॅनकडे बघितलं, आणि फलाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘काय पावणे, समुद्रात भर घालायला आणलंत?’

त्यांच्या गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण रात्री जेवताना हळूच एक गोष्ट कळली आणि माझ्या जिवात जीव आला. त्यांच्या वाडीवर मे महिन्यात टँकर येतो! जांभ्या दगडाची जमीन. जेवढं पडतं तेवढं मुरतं, वाहतं आणि समुद्राला मिळतं. मी ताबडतोब वहीचं पान फाडून त्यांच्या घराला किती लिटरची टाकी लागेल याचा हिशेब मांडला. मुलीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तो पाय सोडला तर ही सहल तिथपर्यंत माझ्या बाजूनं चालली होती.

आता इथं एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पण मी खातो. गिरणेच्या बाजूला कुणाची मोटार बिघडली की मी कारागीर न पाठवता स्वतः जातो. मोटार दुपारपर्यंत दुरुस्त होते आणि कटल्याचा किंवा मरळीचा रस्सा तीनपर्यंत. घरी येताना बडीशेप, वेलदोडा आणि वाटेत एखाद्या विहिरीवर हातपाय. हे बायकोला माहीत. मुलीला माहीत. मुलीला माहीत म्हणजे व्याह्यांनाही माहीत. आईला माहीत नाही, अशी घरात सगळ्यांची समजूत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकामंडळी नातवाला घेऊन पतितपावन मंदिरात गेली. १९३१ सालचं हे मंदिर भागोजीशेठ कीरांनी सावरकरांच्या प्रेरणेनं बांधलं, सगळ्या जातींना खुलं. आईला ते फार आवडलं. आणि व्याही मला घेऊन मिरकरवाड्याच्या बंदरावर गेले. ‘पावणे, मासा कसा घ्यायचा ते बघा.’ मी बघितलं. त्यांनी बांगड्याचा डोळा बघितला, कल्ला उचलून लाली बघितली, पोटावर बोट दाबलं, कोळणीशी भांडले, निघून गेले, परत आले, आणि बांगडे घेतले. बर्फाचा चुरा घालून ते प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत. मग त्यांनी बाजारातून कोथिंबिरीची मोठी जुडी घेतली आणि वर अशी पसरली की कुणालाही वाटावं, हा माणूस नुसती कोथिंबीर खाऊन जगतो.

‘आजींना कळायला नको,’ ते म्हणाले. ‘विचारलंच तर भाजी.’

मुलीचा बाप व्याह्यांच्या हातात ओझं कसं राहू देईल? मी पिशवी घेतली. ‘घ्या पावणे, भाजी,’ असं म्हणून त्यांनी एक डोळा मिटला. घरी विहीणबाई वाटण वाटून बसल्या होत्या. बाराच्या आत पिशवी पोचवायची असं ठरलेलं. वाटेवर मत्स्यालय, तिथं मंडळी येऊन थांबलेली. ‘अर्ध्या तासाचं काम,’ व्याही म्हणाले. त्यांनी माझ्याबरोबर कुठलीच टाकी बघितलेली नव्हती.

रत्नागिरीचं मत्स्यालय म्हणजे दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र. आत काचेच्या टाक्यांत जिवंत समुद्र आणि संग्रहालयात मेलेला. मी याआधी मत्स्यालय बघितलं होतं ते शाळेच्या सहलीत, मुंबईला चर्नी रोडचं तारापोरवाला. ते १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलं, असं गुरुजींनी मोटारीत पाठ करून घेतलं होतं. त्या सहलीतला एकही मासा मला आठवत नाही. टाकीत पाणी कुठून येतं ते बघायला मी मागच्या बाजूला गेलो आणि सहल पुढे राणीच्या बागेत गेली, एवढं आठवतं. ते मत्स्यालय गेली काही वर्षं बंद आहे. त्यात माझा हात नाही.

दारावरच्या माणसानं माझ्या पिशवीकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून एका शाळेची सहल आली, पन्नाससाठ पोरं आणि शिट्टीवाले सर, आणि त्या लोंढ्यात मी पिशवीसकट आत ढकलला गेलो. हे मी मुद्दाम लिहितोय. त्या माणसाची काहीही चूक नव्हती.

आत एक मुलगी माहिती सांगायला होती. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकणारी, चुणचुणीत. तिनं मला ‘काका, या’ म्हटलं आणि तिथंच तिचा दिवस बिघडला.

आमच्यातल्या प्रत्येकाची बघण्याची तऱ्हा निराळी. व्याही प्रत्येक टाकीपाशी दोन सेकंद थांबायचे आणि निकाल द्यायचे. शेवंड: ‘महाग.’ तांबोशी: ‘डोकं घ्यावं, सार उत्तम होतं.’ सिंहाच्या आयाळीसारखे काटे पिंजारून तरंगणारा लायन फिश: ‘काट्याला विष. पण काटे काढले तर हरकत नाही.’ आई हात जोडून चाललेली. बायको हातातल्या घड्याळाकडे बघत होती, कारण पिशवीचं तिला ठाऊक होतं. चार वर्षांचा नातू प्रत्येक माशाचं नाव माहिती सांगणाऱ्या मुलीच्या आधी सांगत होता. आणि मी काचेची जाडी बघत होतो.

‘किती एमएमची काच?’

तिनं सांगितलं.

‘आणि पाण्याची उंची? कसं आहे बाई, पाण्याचा दाब टाकी किती मोठी यावर नसतो...’

‘उंचीवर असतो,’ बायको, मुलगी आणि नातू एका सुरात म्हणाले.

पुढच्या टाकीत दगडाच्या कपारीतून एक ईल डोकं बाहेर काढून बसला होता. तोंड उघडतोय, मिटतोय, उघडतोय, मिटतोय. माझ्या अनुभवी डोळ्यानं लगेच ओळखलं. हवेची मोटार बंद. मी म्हटलं, ‘बाई, हा गुदमरतोय. आधी मोटार बघा, मग माहिती सांगा.’ माझा आवाज जरा मोठा असेल, सहलीतली पोरं गोळा झाली. ती शांतपणे म्हणाली, ‘काका, तो श्वास घेतोय. याच्या कल्ल्यांची भोकं बारीक असतात, म्हणून तोंडानं सारखं पाणी आत ढकलावं लागतं. तोंड हलायचं थांबलं तर मी धावत येईन.’ पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. माझं नाव उतरवलं नाही, हे नशीब.

एवढ्यावर थांबलो असतो तर बारापर्यंत घरी पोचलो असतो. पण एका टाकीचं पाणी मला किंचित गढूळ वाटलं. तुरटी फिरवा, म्हटलं, आणि लिटरमागे इतकी ब्लीचिंग पावडर टाका, सकाळी आरशासारखं पाणी. नांदगावातल्या निम्म्या टाक्या माझ्या पावडरीनं स्वच्छ आहेत. त्या पोरीनं एक हात काचेवर ठेवला, जणू मी पुडी घेऊनच आलोय. मग तिनं मला समजावलं. मासे पाण्यातच घाण करतात, त्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. टाकीमागच्या गाळणीत जिवाणूंची वस्ती असते. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट, आणि म्हणून मासे जगतात. ही वस्ती बसायलाच कित्येक आठवडे लागतात. क्लोरीन टाकलं की आधी ती वस्ती मरेल, मग मासे. आणि माझा पितळी कॉक? त्यात तांबं. तांब्याचा अंश पाण्यात उतरला की कोळंबी, शेवंड, तारामासे यांचा खेळ खलास. म्हणून इथं सगळीकडे प्लास्टिक.

म्हणजे माझ्या दुकानातला निम्मा माल इथं विष ठरत होता. चाळीस वर्षं मी समजत होतो की स्वच्छ पाणी म्हणजे ज्यात काही जिवंत नाही असं पाणी. गिऱ्हाईकाला हेच सांगत आलो. आता हे नवं ज्ञान नांदगावात नेऊन करायचं काय, मोठाच प्रश्न. नेलं तर धंदा बसतो.

‘इथं वास येऊ राहिला रे,’ आई म्हणाली.

‘आई, मत्स्यालय आहे. माशांचा वास येणारच.’

‘नाही आजी,’ ती मुलगी म्हणाली. ‘चांगल्या टाकीला वास येत नाही. आला तर समजायचं, कुठंतरी काहीतरी मेलंय.’ आणि ती काळजीनं टाक्यांमागे बघून आली. व्याही छताकडे बघू लागले. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. सकाळपेक्षा ती हलकी लागत होती. त्यावरून एखाद्या शहाण्या माणसाला काहीतरी सुचलं असतं.

पुढे समुद्री कासव. देवळात देवाच्या पुढ्यात कासव असतं, त्याला नमस्कार केल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही आईची जन्माची सवय. तिनं पदर सावरला, डोळे मिटले, आणि कनवटीचं नाणं काढून ते कुठं ठेवायचं ते शोधायला लागली. बायकोनं हात धरला. त्या मुलीनंही घाईघाईनं सांगितलं की नाणं, प्लास्टिक, काहीही दिसलं की कासव ते गिळतं आणि मरतं. आईला ते पटलं. तिनं नाणं परत कनवटीला लावलं, पण कासवापुढून हलायला तयार नाही. आम्हीही मग तिथंच उभे.

आणि मला पायाशी ओल लागली.

खाली बघितलं. फरशीवर पाणी. टाकीच्या बरोबर खाली, तळहाताएवढं थारोळं. असा क्षण माणसाच्या धंद्यात कधीतरी येतो! ईल चुकला असेल, पावडर चुकली असेल, पण गळती? गळती मला अंधारात कळते. मी गुडघ्यावर बसलो, पिशवी शेजारी ठेवली, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारट.

‘समुद्राचं पाणी,’ मी उभा राहत म्हणालो. ‘टाकी गळतेय.’

माहिती सांगणारी मुलगी धावत आली. तिनं टाकीच्या चारही सांध्यांवरून हात फिरवला. कोरडे. फडकं आणलं, फरशी पुसली. ‘आधीच कुणी सांडलं असेल काका.’ आम्ही पुढे सरकलो. पुढच्या टाकीपाशी मी मुद्दाम थांबलो आणि खाली बघत राहिलो. थोड्या वेळानं तिथंही पाणी. त्याच्या पुढच्या टाकीपाशीही पाणी. मी प्रत्येक ठिकाणी चव घेऊन खात्री केली, पाणी एकच होतं, उलट चव दाट होत चालली होती. आता माझ्या डोक्यात चित्र स्पष्ट झालं. एका टाकीचा सांधा सुटला असता तर गोष्ट वेगळी. इथं ओळीनं सगळ्या टाक्या गळत होत्या, म्हणजे खालचा पाया खचलाय, काचांवर ताण आलाय. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड, हजार लिटरला पंचवीस किलो जास्त. एक काच गेली की सगळ्या जाणार, आणि आत पन्नाससाठ लेकरं!

मी सहलीच्या सरांना बाजूला घेतलं. ‘मी पाण्याच्या धंद्यातला माणूस आहे,’ एवढंच म्हटलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, सरांनी शिट्टी फुंकली. पोरं ओळीनं दाराकडे निघाली. व्याह्यांनी नातवाला कडेवर घेतलं. बायकोनं आईला दंडाला धरलं. आई म्हणाली, ‘कासवाला कोण काढील?’ आणि मी त्या दालनाच्या मधोमध एक हात वर करून, दुसऱ्या हातात पिशवी धरून, वाहतूक पोलिसाच्या ऐटीत उभा राहिलो.

कडेवरून नातू म्हणाला, ‘आबा, तुमची पिशवी शू करतीय.’

सगळ्यांनी बघितलं. मीसुद्धा. कापडी पिशवीच्या तळातून थेंब पडत होता, मग दुसरा, मग तिसरा, अगदी माझ्या चपलेजवळ. आम्ही आल्या वाटेवर टाकीटाकीपाशी माझ्या थांबण्याच्या जागा ओल्या उमटल्या होत्या. मी जिभेनं जे तीनतीनदा तपासलं ते बांगड्याच्या बर्फाचं पाणी होतं, हे माझ्या पोटाला माझ्या डोक्याच्या आधी कळलं.

पिशवी वर घ्यावी की पाठीमागे लपवावी या घोटाळ्यात ती हातातून सुटली. कोथिंबीर एकीकडे गेली आणि बांगडे फरशीवर घसरत गेले, त्यातला एक थेट काचेपाशी. आतून एक गोब्रा पुढे आला आणि त्याच्याकडे बघत राहिला.

‘सर!’ दारातून एक पोरगं ओरडलं. ‘त्या काकांनी टाकीतले मासे चोरले!’

रांग मोडली. सगळी सहल परत आत. शिट्टीचा आता उपयोग नव्हता. ज्या सरांनी मला दोन मिनिटांपूर्वी तारणहार समजून पोरं बाहेर काढली तेच आता माझी वाट अडवून उभे. व्याही पुढे झाले, ‘अहो, मी घेतलेत, मिरकरवाड्यावर,’ म्हणाले. ‘पावती?’ सरांनी विचारलं. मिरकरवाड्याच्या बंदरावर कोळणीकडे बांगड्याची पावती मागणाऱ्याला तिनं काय सांगितलं असतं ते इथं लिहिता येणार नाही. व्याह्यांनी ते सरांना हळू आवाजात सांगितलं.

मला सोडवलं त्या मुलीनं. तिनं एक बांगडा शेपटीला धरून उचलला आणि पोरांना दाखवला. ‘बघा, बांगडा. आमच्या टाक्यांत हा नाही. हा थव्यानं सतत पोहत राहणारा मासा, असल्या टाकीत कोंडला तर टिकायचा नाही. म्हणून काकांनी तो इथून घेतलेला असणं शक्य नाही.’ पोरांनी हेही वहीत उतरवलं. चोरी करायची माझी लायकी नाही, हे शास्त्रीय कारणासह सिद्ध झालं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, ‘काका, एक विचारू? चव का घेतली?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी फडकं मागितलं आणि आल्या वाटेनं सगळी फरशी पुसून काढली. बायकोनं बांगडे गोळा केले. आई त्या वेळात काहीच बोलली नाही. ती बांगड्यांकडे बघत होती, मग कोथिंबिरीकडे, मग माझ्याकडे, आणि तो क्रम पुन्हा.

संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे, सुमारे पंचावन्न फूट लांब. नांदगावातलं आमचं घर दारापासून परसापर्यंत त्यापेक्षा तोकडं. मी तडक त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो. पण सांगाड्याचा आडोसा होत नाही हे मला तिथं गेल्यावर कळलं. बरगड्यांमधून सगळी सहल मला बघत होती आणि मी सहलीला. सर पोरांना सांगत होते की देवमासा हा मासाच नव्हे. त्याला कल्ले नसतात, फुप्फुसं असतात, तो पाण्यावर येऊन श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो, आणि त्याच्या पुढच्या परांत आपल्या हातासारखी बोटांची हाडं असतात. एका पोरानं मान तिरकी करून माझ्या हाताकडे बघितलं, मग हाडांकडे. आईनं तिथंही हात जोडले. ‘मत्स्यावतार,’ ती पुटपुटली. त्या मुलीनं आदरानं सांगितलं, ‘आजी, हा मासा नाही.’ ‘असू दे,’ आई म्हणाली, ‘याची भाजीसुद्धा नाही केली कुणी.’

व्याह्यांचं हसू रिक्षात सुरू झालं ते घरापर्यंत. त्यांचं असं आहे की ते आवाज न करता हसतात, फक्त हलतात, त्यामुळे रिक्षाही हलत होती. वाटेत थिबा राजाचा राजवाडा बघायचा बेत होता. ब्रह्मदेशचा हा राजा इंग्रजांनी कैद करून इथं आणून ठेवला आणि १९१६ साली इथंच तो वारला. मी म्हटलं, आज नको. आज मला त्याचं दुःख फार जवळचं वाटेल.

घरी पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. विहीणबाईंनी दारातच पिशवी घेतली, वास घेतला आणि काही न बोलता आत गेल्या.

त्या संध्याकाळी मी भाट्याच्या किनाऱ्यावर एकटाच बसलो. एक माणूस येऊन म्हणाला, ‘तुम्हीच का ते नांदगावचे?’

रात्री पानं मांडली. आईचं पान वेगळं, पाटावर, नैवेद्याचं असावं तसं. मी मुद्दाम आईच्या शेजारी बसलो, वरणभात घेणार असं जाहीर केलं, आणि वर म्हणालो, ‘व्याह्यांसाठी आणले होते ते. मी नुसता धरायला.’

आईनं चित्राहुती घातली, पाणी फिरवलं आणि स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली. ‘विहीणबाई, ते मासे वाढा त्याला.’

‘आई, अगं मी कुठं...’

‘गप बस. चाळीस वर्षं गिरणेवरच्या मोटारी दुरुस्त करू राहिला तू. एवढ्यात दुसरं धरण झालं असतं.’

घरात कुणी घास घेईना. बायको तांब्याकडे बघत होती. मी आईकडे बघितलं, ती जेवायला लागली होती. चाळीस वर्षांची बडीशेप, चाळीस वर्षांचे वेलदोडे, विहिरीवरचे हातपाय, सगळं फुकट गेलं याचं वाईट वाटावं की काय ते मला ठरवता येईना. मग हळूहळू लक्षात आलं की परवानगी मिळालीय. आईदेखत, पानात वाढून, मान वर करून मासे खायचे! मी पान जरा पुढे सरकवलं आणि बाह्या दुमडल्या.

विहीणबाई आतून आल्या त्या रिकाम्या हातानं. ‘अवो, ते कसले आता,’ त्या संकोचून म्हणाल्या. ‘अडीच वाजता आले, अंग सोडलेलं. मांजरांना घातले मी. कोथिंबीर काय ती बरी होती.’

व्याह्यांनी वाटी उचलली, माझ्या वरणावर चिमूटभर कोथिंबीर टाकली, आणि एक डोळा मिटून म्हणाले, ‘घ्या पावणे, भाजी.’